खान्देशातली भुतं कुठे राहतात? तापीकाठच्या जुन्या रस्त्याने एक फेरी

पीएचडीचा विषय सांगितला की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. ‘सुरत–बुऱ्हाणपूर रस्ता’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे सिव्हिल इंजिनीअरिंग का?’ मग मी सांगते की नाही हो, इतिहास. सुरत बंदरात उतरलेला माल आणि माणसं नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत तापीच्या कडेकडेने बुऱ्हाणपूरला जायची आणि तिथून पुढे आग्र्याला. त्या रस्त्यावर काय काय घडलं, ते मी शोधते. हे ऐकल्यावर दुसरा प्रश्न हमखास येतो: ‘मग त्या किल्ल्यांवर भुतंबितं आहेत का?’

आधी मी या प्रश्नावर हसायचे. आता वाटतं की प्रश्न बरोबर आहे, फक्त थोडा फिरवून विचारायला हवा. कुठल्या जागी भूत आहे असं लोक सांगतात आणि कुठल्या जागी सांगत नाहीत? ज्या ठिकाणी खूप माणसं मेली तिथे खूप भुतं, असा हिशेब असतो का? आजचा लेख त्याबद्दल.

आधी थोडं मेक्सिकोबद्दल

मेक्सिकोत स्पॅनिश लोकांनी वसवलेली जुनी शहरं आहेत, ग्वानाह्वातो, पुएब्ला वगैरे. तिथे रात्रीच्या ‘दंतकथा फेऱ्या’ निघतात. गाइड पुढे चालतो आणि पर्यटक मागे. प्रत्येक गल्लीला एक गोष्ट असते: इथे बापाने मुलीला मारलं, इथे खजिना पुरला, इथे एक बाई रडत फिरते. मेक्सिको शहराच्या गल्ल्यांच्या अशा दंतकथा लुईस गोन्सालेस ओब्रेगोन नावाच्या इतिहासकाराने शंभर वर्षांपूर्वीच पुस्तकात गोळा केल्या. तिथे हा प्रकार नुसता धंदा नाही, त्याला अभ्यासाची बैठकही आहे.

आपल्याकडे असं म्हटलं की सगळ्यांना एकच जागा आठवते, पुण्याचा शनिवारवाडा. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा तिथे गारद्यांनी खून केला. ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून ऐकू येते, असं पुण्यात न राहणारी माणसंसुद्धा छातीठोकपणे सांगतात. त्यात ‘ध’चा ‘मा’ आहे, आनंदीबाई आहे, रघुनाथराव आहेत, सगळा मसाला तयार आहे.

खान्देशात अशी फेरी काढायची तर? एका संध्याकाळीत पायी उरकणार नाही, कारण थांबे एकमेकांपासून दूर आहेत. शिवाय आजच्या नकाशावर हा रस्ता तीन राज्यांत विभागला गेलाय. सुरत गुजरातेत, नंदुरबार-धुळे-जळगाव महाराष्ट्रात आणि बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. पण जुना खान्देश म्हणजे असीरगड-बुऱ्हाणपूरसकटचा खान्देश, हे लक्षात ठेवून निघू या.

पहिला थांबा: थाळनेर

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर थाळनेर आहे. फारुकी घराण्याची ही पहिली राजधानी. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला थाळनेर आणि करवंदचा मुलूख दिला आणि तिथून खान्देशची सलतनत सुरू झाली. फारुकींच्या कबरी गावात आजही आहेत. त्यातली एक अष्टकोनी, कोरीवकामाची. किल्ल्याचा बराचसा भाग नदीने आणि काळाने खाल्लाय.

पण मला सांगायचीय ती गोष्ट २७ फेब्रुवारी १८१८ ची.

पार्श्वभूमी अशी. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. थाळनेर त्यातच आलं. म्हणजे कागदावर लढाई संपली होती. सर थॉमस हिस्लॉप आपली फौज घेऊन दक्षिणेकडे परत निघाला होता आणि वाटेत थाळनेर लागलं. किल्लेदार तुळशीराम मामा. किल्ल्यात बहुतेक अरब शिबंदी. किल्ला खाली करा असा निरोप गेला, नाही केलात तर बंडखोर समजू अशी तंबीही गेली. आतून उत्तर आलं ते गोळ्यांनी.

दिवसभर तोफा चालल्या. दुपारनंतर आतल्यांनी बोलणी सुरू केली. उत्तर मिळालं, बिनशर्त शरण या. किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. त्यानंतर काही इंग्रज अधिकारी आणि थोडे शिपाई आतल्या दरवाजाच्या दिंडीतून आत गेले. तिथे अरबांशी बोलाचाली झाली, हातघाई झाली आणि मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. दगा होता की गैरसमज, यावर खुद्द इंग्रजांच्या लिखाणातही एकमत नाही. बाहेरची फौज आत घुसली आणि शिबंदीची कत्तल झाली. मेलेल्यांचा आकडा अडीचशे-तीनशेच्या घरात सांगतात. त्याच संध्याकाळी तुळशीराम मामाला फासावर चढवलं. दिंडीत झटापट झाली तेव्हा हा माणूस आधीच इंग्रजांच्या ताब्यात होता. चौकशी नाही, खटला नाही.

हे प्रकरण लंडनपर्यंत गेलं. १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेत मराठा युद्धातल्या सेनापतींचे आभार मानण्याचा ठराव आला, तेव्हा थाळनेरच्या फाशीवर प्रश्न उठले. हिस्लॉपचे आभार मानले गेले, पण ती फाशी त्यातून बाजूला ठेवून. आभार म्हणजे त्या कृत्याला मान्यता नव्हे, असं साफ करावं लागलं. हे छोटं काम नाही. शत्रूच्या एका किल्लेदाराच्या मरणाने विजयाच्या समारंभात खडा टाकला.

थाळनेरचा धडा खान्देशातल्या बाकी अरबांनीही घेतला असणार. त्याच वर्षी मे-जूनमध्ये मालेगावचा वेढा पडला (मालेगाव तेव्हा खान्देशात धरत), तेव्हा आतल्या अरबांनी नुसत्या तोंडी शब्दावर शरण यायला नकार दिला. त्यांना लेखी हमी हवी होती. हमी मराठीत लिहिली गेली आणि मराठी मजकुराने इंग्रजांच्या मनात होतं त्यापेक्षा जास्त देऊन टाकलं! शेवटी इंग्रजांना तो मराठी कागद पाळावा लागला. मराठीतल्या एका कागदाने माणसं वाचली, ही गोष्ट मला थाळनेरच्या शेजारी ठेवून वाचायला आवडते.

आता भुतांकडे येऊ. एका दिवसात अडीचशे-तीनशे माणसं कापली गेलेली जागा. परमुलखातले शिपाई, घरापासून समुद्रापलीकडे, मागे श्राद्ध किंवा फातिहा करायला कुणी नाही. लोकसमजुतीच्या हिशेबाने ही जागा झपाटलेली असायलाच हवी. आपल्याकडे भुतांची वर्गवारी काही कमी नाही. सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा पिंपळावरचा मुंजा होतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, पाण्याकाठी आसरा असतात. ‘खवीस’ हा शब्द तर अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आलेला आणि तो खास करून मुसलमानाच्या भुताला लावायचे. म्हणजे मेलेल्या परदेशी शिपायासाठी भाषेत शब्दसुद्धा तयार होता. तरीही ‘महाराष्ट्रातली दहा झपाटलेली ठिकाणं’ छापाच्या याद्यांत मला थाळनेर कधी भेटलं नाही. शनिवारवाड्यात एक पेशवा मेला, तो प्रत्येक यादीत आहे.

दुसरा थांबा: नंदुरबार ते बुऱ्हाणपूर

हा थांबा म्हणजे एक जागा नाही, रस्ताच आहे.

१६३० ते १६३२ या काळात गुजरात, खान्देश आणि दख्खनवर भयंकर दुष्काळ पडला. तुकाराम महाराजांचं घर ज्या दुष्काळाने मोडलं, तोच हा. नोव्हेंबर १६३० मध्ये पीटर मंडी नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस सुरतेहून आग्र्याला याच रस्त्याने निघाला. त्याने रोजनिशी ठेवली होती. सुरतेपासून नंदुरबारपर्यंत रस्ताभर प्रेतं पडलेली त्याने पाहिली. नंदुरबारला तर तंबू ठोकायला स्वच्छ जागा मिळणं कठीण होतं.

त्याच वेळी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, बुऱ्हाणपुरात, शहाजहान बादशहाचा मुक्काम होता, दख्खनच्या मोहिमेसाठी. दरबारी इतिहासकार लाहोरी लिहितो की बादशहाने बुऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस आठवडे वाटप केलं. म्हणजे एक लाख रुपये. चांगलंच. पण एवढी मोठी फौज, तिचे हत्ती-घोडे-उंट, या सगळ्यांना धान्य आणि चारा त्याच दुष्काळी मुलखातून लागत होता, हेही विसरता येत नाही.

त्याच मुक्कामात, १७ जून १६३१ ला, मुमताज महल बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात गेली. तिला तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तात्पुरतं दफन केलं आणि त्या वर्षाअखेरीस तिचा देह आग्र्याला नेला. पुढे ताजमहाल झाला, ते सगळ्यांना माहीत आहे. जैनाबादच्या आहुखान्यात रात्री बाईचं रडणं ऐकू येतं, ती मुमताज आहे, असं सांगतात. बुऱ्हाणपूरला फिरायला गेलात तर ही गोष्ट ऐकल्याशिवाय सहसा परत येत नाही.

रस्ताभर हजारो माणसं अन्नावाचून मेली, त्यांचा आवाज कुणाला येत नाही. एका राणीचा येतो. मी पहिल्यांदा हे दोन्ही संदर्भ एका पानावर लिहिले तेव्हा फार राग आला होता. वाटलं, भुतांच्या जगातसुद्धा वशिला लागतो!

पण मेक्सिकोची रडणारी बाई, ‘ला योरोना’, आठवली की जरा थांबावं लागतं. पांढऱ्या कपड्यातली ती बाई आपल्या बुडालेल्या लेकरांसाठी रडत फिरते. स्पॅनिश आले त्याच्या आधी तिथल्या लोकांना जे अपशकुन झाले म्हणतात, त्यातही रात्री ‘माझी लेकरं’ म्हणून रडणारी एक बाई आहे. सोळाव्या शतकात स्थानिक लोकांकडून गोळा केलेल्या माहितीत तिची नोंद आहे. १५२१ मध्ये त्यांची राजधानी पडली, युद्धात आणि देवीच्या साथीत असंख्य माणसं गेली. बरेच अभ्यासक त्या बाईच्या रडण्यात सगळ्या मुलखाचं रडणं ऐकतात. एवढी मरणं कोण लक्षात ठेवणार? म्हणून लोक एक बाई उभी करतात आणि तिला सगळ्यांच्या वतीने रडायला लावतात.

बुऱ्हाणपूरच्या रडण्यातही असं काही मिसळलंय का? मोह होतो ‘हो’ म्हणायचा. पण त्याला पुरावा लागतो आणि ‘असं असेल तर किती छान’ हा पुरावा नव्हे. मी एवढंच म्हणेन: आहुखान्यात उभं राहून मुमताजची गोष्ट सांगणाऱ्याने त्याच तापीकाठचा तोच दुष्काळ सांगितला नाही, तर त्याने अर्धीच गोष्ट सांगितली.

तिसरा थांबा: असीरगड आणि अस्तंभा

बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला असीरगड. दख्खनचा दरवाजा म्हणायचे त्याला. फारुकींच्या नसीरखानाने तो आसा अहीराकडून डोल्यांत सैनिक लपवून घेतला, अशी कथा. अकबराने १६०१ च्या सुरुवातीला घेतला. इंग्रजांनी एप्रिल १८१९ मध्ये घेतला आणि त्या वेढ्यात वेढा घालणाऱ्यांच्याच दारूगोळ्याचा स्फोट होऊन त्यांचे शिपाई मेले. मरणं कमी नाहीत.

पण गडावर कोण फिरतं विचाराल तर या सगळ्यांपैकी कुणीच नाही. फिरतो तो अश्वत्थामा. गडावरच्या महादेवाला पहाटे कुणीतरी फूल वाहून गेलेलं असतं, तो अश्वत्थामाच. कपाळावरची जखम वाहते म्हणून तो येणाऱ्याजाणाऱ्याकडे तेल मागतो.

हाच अश्वत्थामा नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यातही आहे. अक्राणीच्या डोंगरात चार हजार फुटांहून उंच अस्तंभा शिखर आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते. आदिवासी भाविक, त्यात तरुण पोरं खूप, तळोद्याकडून डोंगर चढतात, रात्रीसुद्धा. वाट चुकली तर अश्वत्थामा वाट दाखवतो असं मानतात. आता बघा, रात्री अंधारात, पायी, एका शापित जिवाला भेटायला निघालेली माणसं! मेक्सिकोच्या गाइडने हेवा करावा अशी ही फेरी. फक्त इथे तिकीट नाही आणि भीतीपेक्षा श्रद्धा जास्त आहे.

अश्वत्थाम्याचा गुन्हा काय होता, तेही आठवू या. कुरुक्षेत्राची लढाई संपली होती. दुर्योधन पडला होता. त्यानंतर हा रात्री पांडवांच्या छावणीत शिरला आणि झोपलेल्यांना, द्रौपदीच्या पोरांना कापून काढलं. लढाईत मारलं म्हणून शाप नाही मिळाला, लढाई संपल्यावर मारलं म्हणून मिळाला. तेही मरणाचा शाप नाही, मरू न देण्याचा.

इथे मला माझ्या मूळ प्रश्नाचं एक उत्तर सापडतं. कुठे भूत राहणार हे किती माणसं मेली यावर ठरत नाही. गोष्टीला एक चेहरा लागतो, एक नाव लागतं आणि एक न फिटलेला हिशेब लागतो. नारायणरावाचा हिशेब फिटला नाही, कारण मारणारा घरचाच होता. अश्वत्थाम्याचा कधीच फिटणार नाही. दुष्काळात मेलेल्यांना चेहरा नाही. आणि थाळनेरला? तिथे नाव आहे, तारीख आहे, न फिटलेला हिशेब तर ब्रिटिश संसदेच्या कामकाजातच आहे. नाही ती फक्त गोष्ट सांगणारी माणसं. अरब शिबंदी परक्या मुलखातली, त्यांच्या बायकापोरांची वस्ती गावात टिकली असती तर कदाचित कुणी सांगितली असती. भूत मेलेल्यामुळे होत नाही, मागे राहिलेल्यांमुळे होतं.

चौथा थांबा, जिथे फेरी नेऊ नये

इथवर सगळं ठीक. पण खान्देशात भुतांबद्दल लिहायचं आणि एक गोष्ट गाळायची, हे मला जमणार नाही.

सातपुड्याच्या भागात ‘डाकीण’ हा शब्द अजून जिवंत आहे. गावात कुणी आजारी पडलं, गुरं मेली, की भगताकडे जायचं आणि भगत एखाद्या बाईकडे बोट दाखवतो. बहुतेक वेळा विधवा, एकटी, कधी जमिनीची वारस. मग मारहाण, गावाबाहेर काढणं आणि काही वेळा खून. हे जुनं आहे. माल्कमने १८२३ साली छापलेल्या मध्य हिंदुस्थानावरच्या ग्रंथात माळव्याकडच्या डाकिणींच्या छळाबद्दल लिहिलंय. आणि हे संपलेलं नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या प्रश्नावर नंदुरबारच्या गावांत काम करत आलेत. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि वर्षअखेर त्याचा कायदा झाला. एखाद्या व्यक्तीला करणी करणारी, चेटूक करणारी ठरवून तिचा छळ करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद, शिवाय पाच ते पन्नास हजार रुपये दंड.

शनिवारवाड्याच्या भुताने कुणाचं नुकसान होत नाही. पण ‘इथे अघोरी शक्ती आहे’ हे वाक्य सातपुड्याच्या पाड्यावर बोललं तर त्याची किंमत एखादी जिवंत बाई देते. रील बनवणाऱ्या मंडळींनी रात्री कॅमेरा घेऊन डोंगरात जाण्याआधी एवढा एक विचार करावा. पडक्या वाड्यातलं भूत आणि शेजारच्या झोपडीतली डाकीण, ऐकणाऱ्याच्या मनात या दोन गोष्टींमध्ये भिंत असेलच असं नाही.

मग फेरी काढायची की नाही?

माझं मत: काढायची. लोकांना इतिहासाकडे आणायला भुतासारखा दुसरा वाटाड्या नाही. तहाच्या कलमांवर व्याख्यान ठेवलं तर पुढच्या रांगेत आयोजक आणि त्यांचे दोन नातेवाईक असतात, आणि ‘फाशी गेलेला किल्लेदार’ म्हटलं की हॉल भरतो. यात वाईट काही नाही. पण मी काही नियम घालेन.

एक, प्रत्येक थांब्यावर आधी तारीख आणि माणसांची संख्या सांगायची, मग दंतकथा. दोन, दंतकथा ‘असं सांगतात’ म्हणूनच सांगायची, दिवे मालवून किंकाळ्या वाजवायच्या नाहीत. तीन, जिथे दंतकथा नाही अशी निदान एक जागा फेरीत असलीच पाहिजे. चार, अस्तंभ्याला जायचं तर यात्रेकरू म्हणून, प्रेक्षक म्हणून नाही. ती लोकांची श्रद्धेची जागा आहे, आपला मनोरंजनाचा कार्यक्रम नाही. पाच, जिवंत माणसाला भुताच्या गोष्टीत आणायचं नाही. कधीच नाही.

आणि सुरुवात थाळनेरपासून करायची. तिथे भुताची गोष्ट तयार करावी म्हणून नाही. तुळशीराम मामाला भूत व्हायची गरज नाही, त्याच्याकडे कागद आहेत. तापीकाठच्या त्या पडक्या बुरुजाजवळ उभं राहून कुणीतरी मोठ्याने सांगावं: २७ फेब्रुवारी १८१८, तह होऊन सात आठवडे झाले होते, इथे अडीचशेहून जास्त माणसं मेली आणि स्वाधीन झालेल्या एका माणसाला खटल्याशिवाय फाशी दिली. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आलाच तर तो खऱ्या गोष्टीने आलेला असेल.

पुढच्या लेखात मालेगावच्या त्या मराठी कागदाबद्दल सविस्तर लिहीन. तोवर तुमच्या घरात शिरपूर-चोपडा-थाळनेरकडचं जुनं माणूस असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि किल्ल्याबद्दल विचारा. भुतापासून सुरुवात केलीत तरी चालेल.